‘हे – चालेल’ ही नोंद

माझी आत्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत तक्रारींचे फोन घेते. एकोणतीस वर्षे ती त्याच खिडकीशेजारी बसते. या काळात खुर्ची दोनदा बदलली असे ती सांगते. एकदाच बदलली असे तिथले सर्वांत जुने मेकॅनिक सांगतात. या वादाचा कागद कुठेही नाही. फोन आला की इमारत, मजला आणि दोष एवढेच विचारायचे आणि रजिस्टरात एका ओळीत उतरवायचे, ही तिची पद्धत. पूर्ण वाक्याला त्या ओळीत जागा नसते. ‘चौथा – दार – माणूस गेला’, म्हणजे मेकॅनिक निघाला. ‘तळ – बटण – झाले.’ आणि लिफ्ट कुरकुरते पण अडत नाही, मेकॅनिक उद्या पोचला तरी भागते, अशा वेळी शेवटी एकच शब्द: ‘चालेल.’ त्या खोलीत या शब्दाचा अर्थ सर्वांना ठाऊक असतो. घोटाळा झाला तो ही पद्धत तिने घरी आणली तेव्हा.

निमित्त सहलीचे होते. आत्याची मुलगी, म्हणजे माझी ताई, दुसऱ्या शहरात राहते. तिने पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाची एक पायवाट शोधून काढली. दोन विमाने, त्यांच्या मधे नऊ तास बसून राहणे, मग दिवसभराची बस आणि त्यानंतर अकरा दिवस जंगलातून, तळ्यांच्या काठाकाठाने, तीन झुलते पूल ओलांडत चालणे. मुक्काम लाकडी घरांत; तिथले पलंग मोजके. ताई, मी, आत्या आणि आतोबा असे चौघे जाणार, असे ताईने गृहीत धरले. ती कुठलीही गोष्ट आधी गृहीत धरते आणि मग विचारते. यावेळी विचारण्याचे काम तिने आत्यावर सोपवले.

आत्या इतकी कशी पेटली, याचे आम्हाला नवल वाटले. सुट्टी घेऊनही ती दुपारी कार्यालयात फोन करून सहाव्या गल्लीतल्या लिफ्टचे काय झाले ते विचारणारी बाई. मी तिला सरळ विचारले, तेव्हा ती म्हणाली, “जन्मभर मी लोकांना न चालता वर पोचवलं. आता मला चालून वर जायचंय. त्यात एवढं काय?”

मुक्कामांच्या यादीत नावे देण्याची मुदत शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत होती. एकदा दिलेले नाव बदलता येणार नव्हते. सोमवारी आत्याने मला बोलावून नियोजनाची वही हाती दिली. मी अभिलेखागारात काम करते, तेव्हा कागद नीट लावणे हे माझेच काम, असे तिचे म्हणणे. आतोबा मला याच कारणाने ‘दप्तरदार’ म्हणतात आणि घरातली कात्री हरवली की माझ्याकडे तक्रार नोंदवतात.

वही म्हणजे कार्यालयातले जुने रजिस्टर, मागच्या कोऱ्या पानांपासून उलटे सुरू केलेले. प्रत्येकाला विचारून मिळालेली उत्तरे तिने ओळीने लिहिली होती. प्रश्न मात्र एकही लिहिलेला नव्हता. कार्यालयात त्याची गरज पडत नाही, कारण तिथे प्रश्न नेहमी एकच असतो. घरी प्रश्न शंभर होते. ‘लोकरीचे – नको’ आणि तीन दिवसांनंतर ‘लोकरीचे – सगळे’ या दोन नोंदींचा मेळ लावायला मला अर्धा तास लागला. आपल्याकडे उन्हाळा तेव्हा तिकडे थंडी, हे मधल्या दिवसांत ताईने कळवले होते. एक अख्खा रविवारही गहाळ होता. शनिवारी निघून सोमवारी पोचायचे आणि वाटेत फक्त एकदा झोपायचे, हे आत्याला कुठल्याही बेरजेने पटेना. तिने रविवारसाठी एक ओळ मोकळी ठेवून पुढे प्रश्नचिन्ह काढले होते.

चौदाव्या पानावर ती नोंद होती. ‘हे – चालेल.’

हे म्हणजे आतोबा. आत्या त्यांचा उल्लेख दुसऱ्या कुठल्या शब्दाने करत नाही. ताईने फोनवर नोंद ऐकली आणि निकाल दिला की बाबा तयार आहेत, चार नावे पाठव. मला ते इतके सरळ वाटले नाही. आतोबा चालू शकतील असे म्हणायचे असते तर आत्याने ‘चालतील’ लिहिले असते. नवऱ्याच्या बाबतीत ती एकवचन वापरत नाही. त्यांना मान्य आहे असे म्हणायचे असते तर ‘ह्यांना’ हवे होते. पण प्रत्यय गाळणे ही तर तिची सवयच. तिसरी शक्यता अशी की आतोबांचा इथे संबंधच नाही. वरच्या ओळीत ‘बूट – एक नंबर मोठे’ असे होते, आणि ‘हे चालेल’ म्हणजे त्या बुटांचे ठरले, इतकेच. चौथी शक्यता मी ताईला सांगितली नाही. तो शब्द कार्यालयातल्या अर्थाने पडला असेल तर ती नोंद सांगत होती की दोष आहे, पण आज माणूस पाठवायची गरज नाही.

आत्याने चष्मा काढून ओळ जवळून पाहिली. अक्षर तिचेच आहे, शाईही तिचीच, पण काय विचारले होते ते आठवत नाही, असे तिने कबूल केले. मग आतोबांनाच विचारू, असे मी म्हटले. आतोबा घरीच शिलाई मशीन दुरुस्त करतात. खिडकीखालच्या बाकावर त्यांच्यासमोर नेहमी एखादे उघडे मशीन असते आणि प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. यायचे का, असे मी विचारले. काय ठरलंय, असे त्यांनी विचारले. तुमच्यावरच अडलंय म्हटल्यावर, माझ्यावर कधीपासून अडायला लागलं, असे म्हणून ते बॉबिन शोधू लागले.

बुधवारी मी आत्याच्या कार्यालयात गेले आणि या वर्षीचे रजिस्टर पाहायला मागितले. आत्या आणि आतोबा राहतात त्या इमारतीची लिफ्ट हिवाळ्यापासून चारदा बंद पडली होती. चारही वेळा फोन आतोबांनी केला होता. आत्या सांगते की अशा वेळी ती त्यांना अनोळखी माणसासारखी इमारत विचारते आणि तेही मुकाट्याने पत्ता सांगतात. ‘सहावा – बंद – घाई नाही’, अशी चार ठिकाणी नोंद. आतोबा रोज कोपऱ्यावरच्या दुकानातून सुटे भाग आणतात आणि दुकानदाराची चिठ्ठी तारेला ओवून ठेवतात. मी त्या चिठ्ठ्यांच्या तारखा पाहिल्या. त्या चार दिवसांची एकही चिठ्ठी नव्हती. लिफ्ट बंद असली की आतोबा खाली उतरत नाहीत, असा त्याचा अर्थ होऊ शकत होता. त्या दिवशी त्यांना काही आणायचेच नसेल, असाही होऊ शकत होता. चार तारखांवरून निष्कर्ष काढणे मला धोक्याचे वाटत होते; तरीही मी ते आत्याला सांगितले.

तिने रजिस्टर स्वतःकडे वळवून त्या नोंदी पुन्हा वाचल्या. मग म्हणाली, “घाई नाही असं मीच लिहिलंय. त्यांनी तसं म्हटलं होतं की नाही, देव जाणे.”

शुक्रवारी पाच वाजता मी यादी घेऊन गेले. ताई दर दहा मिनिटांनी फोन करून तीन की चार असे विचारत होती. आत्या लवकर घरी आली होती. ती बाकापाशी जाऊन उभी राहिली आणि आतोबांनी मशीन थांबवेपर्यंत थांबली.

“अहो, त्या दिवशी मी तुम्हाला नक्की काय विचारलं होतं?”

“कुठल्या दिवशी?”

“तुम्ही चालेल म्हणालात त्या दिवशी.”

“ते मी रोजच म्हणतो.”

आत्या हसली नाही. आतोबांनी हातातला स्क्रू बशीत ठेवला आणि आठवण्याचा खरोखर प्रयत्न केला. शेवटी ते म्हणाले, “तू विचारलंस, मी तुम्हाला सोडून गेले तर चालेल का.”

“मी असं विचारलंच नाही.”

“मग मला तसं ऐकू आलं. मशीन चालू होतं.”

आत्या खाली स्टुलावर बसली. आपण बूट दाखवून विचारले असावे, असे ती आधी म्हणाली. मग म्हणाली की नाही, पुलांबद्दल असेल. मला वही उघडायला सांगितली आणि उघडण्याआधीच राहू दे म्हणाली. “आता विचारते,” ती म्हणाली. “तुम्हाला यायचंय का?”

आतोबा गुडघ्याबद्दल काही सांगू लागले.

“गुडघ्याला नाही विचारत. तुम्हाला विचारतेय.”

“नाही यायचं,” ते म्हणाले. “जिने उतरताना मला भिंतीला हात लावावा लागतो. लाज वाटते. आणि तू जावंस असंही मला वाटत नाही. पण तू माझ्यामुळे राहिलीस, तर ते मला फार जड जाईल. आता यातलं काय लिहायचं ते तुम्ही दोघी ठरवा.”

आत्याने यादी माझ्या हातातून घेतली, आतोबांच्या नावाच्या जागी आडवी रेघ ओढली, आणि स्वतःच्या नावाच्या जागी पेन इतका वेळ टेकवून ठेवले की तिथे शाईचा ठिपका उतरला. मग तिने नाव लिहिले. सहाला दहा मिनिटे कमी असताना मी तीन नावे पाठवली. ताईला कळवले, तेव्हा ती नुसती बरं म्हणाली.

त्यानंतर आतोबा उठले आणि आतल्या खोलीतून आत्याची सॅक घेऊन आले. तिने ती सरावासाठी भरून ठेवली होती. त्यांनी ती बाकावर उघडली आणि तळाशी भरलेल्या स्वतःच्या वस्तू एकेक करून बाहेर काढल्या: स्वेटर, कानटोपी, गुडघ्याचा पट्टा, दाढीचे सामान. सॅक बंद करून त्यांनी ती तिच्या खांद्यांवर चढवली, पट्टे एक घर आवळले आणि मागे सरून पाहिले.

आत्या दारापर्यंत जाऊन आली. हलकी झाली का, असे त्यांनी विचारले. इथल्या इथे काय कळणार, असे म्हणून तिने नवे बूट घातले, दार उघडले आणि जिना उतरू लागली. आतोबा चौकटीला धरून बाहेर उभे राहिले. तिची पावले आपल्याला अगदी खाली तळापर्यंत ऐकू आली, असे ते अजूनही सांगतात. मी त्यांच्या शेजारीच उभी होते. मला ती तिसऱ्या मजल्यानंतर ऐकू आली नाहीत.