करीमचाचांचा नोटांचा पंखा

करीमचाचांच्या दुकानात अत्तर फुकट मिळवायचा एकच मार्ग होता. त्यांच्या पंख्यावरचा मजकूर वाचून दाखवायचा. मी देऊळगाव राजाला मास्तर म्हणून रुजू झालो, त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या कानात अत्तराचा फाया अडकवला आणि घडीचा पंखा उलगडून पुढ्यात धरला. पंखाभर नोटांची चित्रं, एकीवर एक पडलेली. राजाचं तोंड, शिक्के, आकडे. अक्षरं इंग्रजीसारखीच, पण शब्द एकही कळेना.

"आकडे त मलेबी समजते," चाचा म्हणाले. "पण नोट कोनाची, अन् पंख्यावर काऊन?"

मी बी.ए. झालेला माणूस. फाया गुपचूप काढून परत दिला.

बुलढाण्याचा एक साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा चाचांनी हा पंखा त्याच्या खानसाम्याकडून घेतला होता, तोही वडिलांची चांदीची अत्तरदाणी देऊन. तेव्हापासून चाचींनी दुकानात पाऊल टाकलं नव्हतं. काय घेतलंत ते आधी मला सांगा, मग येईन, असं त्यांनी बजावलं होतं. त्यामुळे चाचा गावच्या बालाजीला येणारे यात्रेकरू, पोस्टमास्तर, कुणालाच सोडत नसत. एका फौजदाराने तर नोटा छापतोस काय म्हणून चौकीत बसवून ठेवलं. चाचांनी तिथेही पंखा उलगडून सगळ्या शिपायांना विचारून घेतलं.

शेवटी मी एका नोटेवरचा मजकूर उतरवून नागपूरच्या माझ्या प्राध्यापकांना पाठवला. उत्तर आलं ते दोन दिवस खिशातच ठेवलं, कारण मला धीर होत नव्हता. मग दुकानात जाऊन चाचांना वाचून दाखवलं. नोटा फ्रान्स देशातल्या, लोकांनी राजाला मारलं त्या काळातल्या. इतक्या छापल्या की त्यांना कुणी विचारेना, म्हणून कुणीतरी थट्टेनं त्या पंख्यावर चितारल्या.

"म्हंजे मेलेली नोट," चाचा म्हणाले आणि त्यांनी पंखा मिटला.

तीन दिवस दुकान बंद होतं. मला माझाच राग आला. बायको दुकानात येईल ही चाचांची आशा आणि त्यांचा जन्मभराचा प्रश्न, दोन्ही मी एका पत्रात संपवले होते.

चौथ्या दिवशी शाळेच्या दारात चाचा उभे, शेजारी बुरख्यातल्या चाची. चाचा मोठ्या खुशीत होते. हिनं एक गोष्ट काढली आहे, म्हणाले, आणि बाजूला झाले.

"मास्तर," चाची म्हणाल्या, "ज्यानं हे चितारलं, त्याले मजुरी कोनत्या नोटाईत भेटली असन?"

त्या दिवसापासून दोघं दुकानात शेजारी बसून गिऱ्हाइकांना हेच विचारत.

चाचा गेले, तेव्हा चाचींनी पंखा माझ्याकडे पाठवला. उलगडला की अजून हिन्याच्या अत्तराचा वास येतो. चाचींचा प्रश्न विचारायला प्राध्यापकांना मी पुन्हा पत्र लिहिलं नाही.