वाळलेल्या लाकडाचा कौल

नरक्याचं झाड मला कधीच आवडलं नाही. फुलोरा आला की देवराईत मेलेल्या उंदरासारखा वास सुटायचा. त्या वासातून माझे वडील रोज देवीची पूजा करायला जायचे. ते गावचे गुरव. देवीला कौल लावल्याशिवाय राईतली काडीसुद्धा कुणी उचलत नसे, म्हणून ही झाडं तिथे टिकली होती. बाकीचे डोंगर आंब्याच्या कलमांच्या बागांसाठी कधीच साफ झाले होते.

मी बॉटनी घेऊन बी.एस्सी. झालेला, म्हणजे घरी बसून खाणारा. दोन हजार सालाच्या आसपास हातखंब्याचा एक व्यापारी टेम्पो घेऊन आला. या लाकडापासून परदेशात कॅन्सरचं औषध करतात, म्हणाला. मला म्हणाला, "झाडं दाखवा, लोट्याला कंपनीत चिकटवतो तुम्हाला." मी दाखवली. लॅटिन नावासकट दाखवली. केवढा तो रुबाब!

वडिलांनी कौल लावला. देवीच्या पाषाणावर दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवून विचारलं, "नरक्या तोडू काय?" डावी पाकळी पडली. म्हणजे नाही. व्यापाऱ्याचं तोंड उतरलं, माझं त्याहून जास्त. मग मीच म्हणालो, "बाबा, वाळलेलं झाड न्यावं काय, तेवढं इचारा." एवढ्याने काय बिघडतंय, म्हणून त्यांनी विचारलं. उजवी पडली.

बुंध्याभोवती सालीचं कडं सोललं की झाड उभ्या उभ्या वाळतं, हे मी कॉलेजात शिकलो होतो. शिक्षणाचा एवढाच काय तो उपयोग केला. दोन गडी घेऊन साली सोलल्या आणि वर चिखल लिंपला. वडिलांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, हेही माझ्या पथ्यावर पडलं. शिमग्यापर्यंत सगळी झाडं वाळली आणि मुळांसकट टेम्पोत गेली.

मग गावाला युक्ती कळली, फक्त वडिलांच्या कानावर ती कुणी घातली नाही. ऐन वाळले, किंजळ वाळले. कुणाला काही विचारायची गरजच उरली नाही, वाळलेल्याला देवीची परवानगी होतीच. राईत ऊन शिरलं, रानमोडीचं तण माजलं. सावलीत रुजणारं नरक्याचं रोप पुन्हा दिसलं नाही.

वडील खचले. "कालेजात शिकलास ना? मंग सांग, एका वर्सात सगली झाडां कशी सुकली?"

"रोग पडला असंल."

"उगाच रोग पडत नाय. माज्या सेवेत कायतरी चुकलंय."

त्यांनी स्वतःसाठी कौल लावला. मी पाण्याचा तांब्या धरून शेजारी उभा होतो. "माजी चूक झाली काय?" त्यांनी विचारलं, आणि उजवी पाकळी पडली. ओल सुकली की पाकळी पडते, कुठलीही आधी पडते, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण लोट्याच्या कंपनीचं नेमणुकीचं पत्र माझ्या खिशात होतं. मी तांब्या खाली ठेवला आणि त्यांना हाताला धरून घरी आणलं.

पूजा त्यांनी माझ्या चुलत्यांकडे सोपवली. पुढे राईत पाऊल टाकलं नाही. चार वर्षांनी अंथरुणाला खिळले, तेव्हा मी रजा घेऊन आलो. त्यांनी मला जवळ बसवलं.

"तू कदी देवीची सेवा घेव नको," म्हणाले. "माजं पाप तुला लागाया नको."

"बरं, बाबा," मी म्हणालो.