चाळिसावी खुर्ची

बुधवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी ताईचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "सुनील, हे उठत नाहीयेत रे." मी कळव्याला घरी होतो. कोपरला पोचेपर्यंत पाऊण तास गेला. शेजारच्यांनी डॉक्टर आणले होते आणि डॉक्टर बॅग बंद करत होते. शांतवन भाऊजी पलंगावर आडवे होते, अंगात बाहेर जायचा शर्ट, खिशात घड्या घातलेली नावांची ती यादी. सेवेचे बारा दिवस बाकी होते. माझ्या मनात पहिला विचार काय आला ते लिहायला लाज वाटते, पण खोटं लिहायचं नाही. मला त्यांचा राग आला. बारा दिवस थांबता आलं नाही या माणसाला?

आमच्या ख्रिस्ती मंडळीत निवृत्त जोडप्यांना दोन वर्षांसाठी एखाद्या लहान उपासक मंडळीच्या सेवेला पाठवायची रीत आहे. नवरा-बायको दोघांनी मिळून जायचं, हा नियम. ताई आणि भाऊजी नगरचे. भाऊजी शाळेत गणिताचे मास्तर. निवृत्तीनंतर दहा-अकरा वर्षं घरी बसून झाल्यावर त्यांना अचानक सेवेची हौस आली, आणि गुडघेदुखीने बेजार झालेल्या माझ्या बहिणीला घेऊन ते डोंबिवली पश्चिमेला, कोपर स्टेशनपासून दहा मिनिटांवर, दोन खोल्यांत येऊन राहिले. काम काय, तर मंडळीतल्याच पण देवळात, म्हणजे चर्चला, यायचं सोडलेल्या कुटुंबांना भेटायचं, विचारपूस करायची, प्रार्थना करायची आणि रविवारी या म्हणून सांगायचं.

देऊळ म्हणजे भाड्याने घेतलेली क्लासची खोली, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. लाल प्लास्टिकच्या खुर्च्या तळमजल्यावर जिन्याखाली रचलेल्या असायच्या. दर रविवारी त्या वर न्यायच्या आणि उपासना झाल्यावर पुन्हा खाली आणायच्या. एकाहत्तर वर्षांचा माणूस हे करतोय म्हटल्यावर मी पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं, "भाऊजी, मी काही उपासनेला बसणार नाही. पण खुर्च्या उचलायला येईन." देवळात जाणं मी बऱ्याच वर्षांपूर्वी सोडलं. कारण काही मोठं नाही. कमिटीत वाद झाला, मी राजीनामा दिला आणि मग रविवारी सकाळी घरी बसायची सवय लागली ती लागलीच. भाऊजी म्हणाले, "ये की. हात तर आले." एवढ्यावर विषय संपला.

मग दर रविवारी मी खुर्च्या वर न्यायचो, खाली येऊन समोरच्या टपरीवर चहा घेत पेपर वाचायचो आणि गाण्याचा आवाज थांबला की पुन्हा वर जायचो. नोकरीत माझं आयुष्य कारखान्यातले भाग मोजून पास-नापास करण्यात गेलंय, त्यामुळे न मोजता मला राहवत नाही. पायऱ्या अडतीस. मी एका वेळी दोन खुर्च्या न्यायचो, भाऊजी एक. माझ्या तेरा फेऱ्या, त्यांच्या चौदा. म्हणजे एकूण चाळीस खुर्च्या. आणि दारातून डोकी मोजली तर ताई-भाऊजी सोडून तेवीस! कधी बावीस, कधी चोवीस, पण सरासरी तेवीसच.

"भाऊजी, येतात तेवीस. पंचवीस खुर्च्या पुरतात."

"आणि बाकीचे आले तर उभं करायचं का त्यांना?"

"बाकीचे येत नाहीत."

"येतो म्हणालेत."

हे असं. कुणीही दाराशी तोंडदेखलं "येतो हो काका, या रविवारी नक्की" म्हणालं की भाऊजी नेहमी येणाऱ्यांच्या यादीत त्याचंही नाव लिहायचे आणि त्या नावाची एक खुर्ची वर जायची. आपल्याकडे येतो म्हणजे काय, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. गणित शिकवण्यात हयात घालवलेल्या या माणसाला ते कळत नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. त्यांच्या बिल्डिंगखालीच राहणारा एक रिक्षावाला दोन वर्षं दर शनिवारी येतो म्हणाला. एकदाही आला नाही. एकदा मी त्याला भाऊजींसमोरच विचारलं, "अरे, नक्की कधी येणार तू?" तो हसून म्हणाला, "येतो ना साहेब, काकांना माहितीये." भाऊजी माझ्यावरच चिडले. "तू त्याची उलटतपासणी का घेतोस? रविवारी त्याचा धंदा असतो." एक बाई होत्या, त्यांच्याकडे दर रविवारी पाहुणे यायचे. भाऊजी गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "त्यांचा गोतावळा फार मोठा आहे."

एकदा मी ती यादी मागून घेतली आणि नावं मोजली. एकोणचाळीस. पुन्हा मोजली. एकोणचाळीसच.

"नावं एकोणचाळीस आणि खुर्च्या चाळीस. एक जास्त होते, भाऊजी."

"असू दे एक जास्त."

"का असू दे?"

"अरे, असू दे ना बाबा!" असं म्हणून त्यांनी यादी खिशात घातली. मला वाटलं, वय झालं, मास्तरांचं मोजणं सुटायला लागलं. माझा स्वभाव असा की ती एक जास्तीची खुर्ची मला दर रविवारी टोचायची.

ताईचं मोजणं निराळं. ती दिवस मोजत होती. नगरला बंद घर, अंगणात पेरूचं झाड, समोर राहणाऱ्या जिवाच्या मैत्रिणी. कोपरच्या त्या घरांचे जिने चढून तिचे गुडघे पार गेले होते. दोन वर्षं पूर्ण झाली की सोमवारी टेम्पो येणार, सामान जाणार, हे तिने सहा महिने आधीच ठरवून ठेवलं होतं. आणि शेवटच्या महिन्यात तिला भाऊजींच्या गीतांच्या पुस्तकात एक फॉर्म सापडला. सेवा सहा महिने वाढवून मिळावी म्हणून. भरलेला, भाऊजींची सही केलेला. खाली ताईच्या सहीची जागा मोकळी.

तिने मला बोलावून घेतलं. मी गेलो तेव्हा दोघं दोन टोकांना बसली होती.

"अहो, विचारायचं तरी मला! माझे पाय आहेत ते."

"विचारणारच होतो. म्हणून तर सही केली नाही तुझी."

"माझी सही तुम्ही करणार होतात?"

"नाही केली, हेच सांगतोय ना..."

मला हसू येत होतं आणि संतापही. मी आकडे मांडले. तुम्ही आलात तेव्हा एकोणीस माणसं यायची, आता तेवीस येतात. दोन वर्षांत चार. अजून सतरा खुर्च्या रिकाम्या आहेत आणि सहा महिन्यांनी फार तर सोळा राहतील. भाऊजींनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "चार आले की पण." ताई खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "माझ्या पेरूला दोन वर्षं कुणी पाणी घातलं असेल हो?" भाऊजींनी फॉर्मची घडी केली आणि माझ्या हातात दिला. "घे, तू ठेव. तू नियमाचा माणूस. ठरल्या दिवशी जाऊ." आमचं हे शेवटचं नीट बोलणं. त्यानंतर दोनच रविवार खुर्च्यांच्या गडबडीत भेटलो.

जिन्यांचा आणि त्यांच्या जाण्याचा काही संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी तरी घरी येऊन हिशेब केलाच. चौदा फेऱ्या, पाचशे बत्तीस पायऱ्या, दर रविवारी, नुसत्या चढायच्या. मी तीन-तीन खुर्च्या उचलू शकलो असतो.

त्याच रात्री त्यांना नगरला नेलं आणि गुरुवारी माती दिली. कुठेही वेळेआधी पोचायची त्यांची आयुष्यातली ही पहिलीच खेप. शुक्रवारी संध्याकाळी ताई अंगणात पेरूजवळ बसली होती. झाड जिवंत होतं, कुणीतरी पाणी घातलं होतं. मला वाटलं, चला, एवढं तरी झालं. तर ती म्हणाली, "उद्या मला कोपरला सोड. दोन रविवार राहिलेत."

मी चकित झालो. समजावलं, मग आवाज चढवला. नियम दोघांचा आहे, एकटीची सेवा होत नाही. मंडळीच्या पाळकसाहेबांना, म्हणजे पास्टरांना, फोन लावून दिला. तेही म्हणाले, बाई, तुमची सेवा पूर्ण झाली, विश्रांती घ्या. ताई त्यांना म्हणाली, "माझी झाली असेल. त्यांचे दोन रविवार बाकी आहेत." दोन वर्षं जी घरी जायचे दिवस मोजत होती, ती घरी पोचल्यावर परत निघाली. या नवरा-बायकोपुढे मी कायम हरलो आहे.

रविवारी मी एकट्याने खुर्च्या चढवल्या. ताई क्लासच्या एकुलत्या बाकावर, दोघांच्या नेहमीच्या जागी, बसून बघत होती.

"किती झाल्या?"

"एकोणचाळीस. यादीप्रमाणे."

"चाळीस आण."

"ताई, नावं एकोणचाळीस आहेत. मी दोनदा मोजलीत. भाऊजी चुकत होते."

"गणिताचे मास्तर होते ते." तिने माझ्याकडे पाहिलं. "चाळिसावी तुझी, सुनील. तू कधी येतो म्हणाला नाहीस, म्हणून नाव लिहिलं नाही त्यांनी. म्हणायचे, त्याने शब्द दिलेला नाही, तर लिहायचं कसं..."

मी खाली गेलो. जिन्याखालची एक खुर्ची रुमालाने पुसली. मग ती खुर्ची वर आणून दाराशी ठेवली आणि नेहमीसारखा टपरीवर गेलो. पेपर उघडला, वाचला नाही. त्या दिवशी एकतीस माणसं आली होती, रिक्षावालाही होता. पुढच्या रविवारी पुन्हा चोवीस. रिक्षावाला नव्हता. सोमवारी टेम्पो आला आणि ताई गेली.

तो फॉर्म माझ्या कपाटात आहे, एक सही केलेला आणि एक जागा मोकळी. पाळकसाहेब म्हणतात, आता पंचवीसच खुर्च्या आणत जा, पाठ धरेल. त्यांचं गणित बरोबर आहे. मी चाळीस नेतो. एका वेळी दोन, अडतीस पायऱ्या, वीस फेऱ्या. येतो असं मी अजून कुणालाही म्हटलेलं नाही. शेवटच्या फेरीला दम लागतो, म्हणून दाराशी ठेवलेल्या त्या चाळिसाव्या खुर्चीवर जरा टेकतो... उपासना संपेपर्यंत.