व्याह्यांची वारज्यातली बोट

माझ्या व्याह्यांशी भांडू शकेल असा माणूस अख्ख्या पुण्यात सापडायचा नाही. प्रयत्न मी स्वतः केला आहे, म्हणून सांगतो. वाघोलीला माझा जुन्या इंजिनांचा गाळा आहे. रिकाम्या हातांनी या शहरात आलो आणि आवाज चढवून चढवून उभा राहिलो. समोरचा ओरडला की मला हुरूप येतो. व्याही ओरडतच नाहीत. तुम्ही काहीही बोला, ते चष्मा पुसतात आणि म्हणतात, "बरोबर आहे तुमचं." डोकं आपटायला निदान भिंत तरी लागते हो! इथे नुसती हवा.

गृहस्थ शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. पोहता येत नाही. वारज्याहून स्वारगेटला बसने जायचं तरी यांना मळमळतं, म्हणून खिशात कायम लिंबू. अशा माणसाने कोकणातून इंजिनवाली जुनी शिडाची बोट आणून बंगल्याच्या अंगणात ठेवली. कलू नये म्हणून उथळ खड्डा खणून, भोवती टायर रचून. कशासाठी, असं मी विचारलं, तर म्हणाले, "आयुष्यभर पोरांना शिडाची होडी काढायला लावली. मी एकही जवळून पाहिली नव्हती."

माझी मुलगी त्या घरात गेली तेव्हा अंगणात ती बोट आणि भोवती नुसता चिखल होता. मी माझ्या गाळ्याच्या कंत्राटदाराशी दोन तास हुज्जत घातली आणि त्याच कामात व्याह्यांच्या अंगणाचा सिमेंटचा कोबा फुकटात करून घेतला. असा सौदा मला पुन्हा जमला नाही. त्यामुळे पुढे श्रावणात जेवायला गेलो तेव्हा माझा रुबाब वेगळाच होता. बोटीचं इंजिन पार जाम झालंय, चाक तसूभर हलत नाही, असं जावई म्हणाला. मी ताटावरूनच गरजलो, "खंडेनवमीपर्यंत फिरवून दाखवतो! नाही फिरलं तर बोट माझ्या गाळ्यावर, कापून भंगारात!" व्याही चिडावेत एवढाच हेतू. त्यांनी चष्मा पुसला. "बरोबर आहे तुमचं." विहीणबाईंनी तर बोटीच्या जागी कुंड्या कशा मांडायच्या तेही तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

जाम इंजिन सोडवायची व्याह्यांची एक रीत होती. वरून तेल आणि रॉकेल सोडायचं, रोज सकाळी चहा झाला की चाकाला पाना लावून एकदाच ओढायचं, चाकावर खडूने खूण करायची आणि पेपर वाचायला जायचं. "जोर करायचा नाही. विचारायचं आणि परत फिरायचं," म्हणत. मी रविवारी जाऊन पान्याला लांब पाइप लावायचो आणि इंजिनाला शिव्या द्यायचो. दोघांपैकी कोणाचं ऐकलं देव जाणे, पण एक दिवस चाक चार बोटं सरकलं. तिथून जे अडलं ते रोज त्याच खुणेवर. मी चक्रावलो. इंजिन उघडलं. पिस्टन मोकळा, आत गंजाचा ठिपका नाही. गिअरचा दांडा तेवढा गंजून बसला होता. इंजिन मोकळं, मग अडवतंय कोण? "तुम्ही माझ्यापासून काहीतरी लपवताय!" मी ओरडलो. "बरोबर आहे तुमचं," व्याही म्हणाले. मी ते नेहमीचंच समजलो.

खंडेनवमीला सकाळी मी टेम्पोत गॅस कटर घालून आलो. मुलगी दारातच उभी. "बाबा, शब्द मागे घेता येतो."

"तुमच्याकडे येत असेल. आमच्या धंद्यात नाही."

व्याही इंजिनाला झेंडूची माळ घालून समोर स्टुलावर बसले होते. मांडीवर वही, बोटीचं चित्र काढत होते. कापायच्या आधी टायर हलवावेत म्हणून मी वाकलो आणि तसाच राहिलो. बोटीखालचा पंखा, ज्याने ती पाणी कापते तो, अर्धा सिमेंटमध्ये रुतला होता. गिअर गंजून अडकलेला, म्हणजे पंखा फिरल्याशिवाय चाक फिरणारच नव्हतं. खड्ड्यासकट सगळं भरून टाकलेलं. फुकटचं काम; कंत्राटदाराची माणसं बोट कशाला उचलतील! कोबा माझा होता.

"तुम्हाला हे दिसलं नाही?"

"दिसलं की. गणपतीच्या आधीच."

"मग बोलला का नाहीत? आज बोट गेली असती!"

"अहो, तुम्ही एवढं भांडून करून दिलेला कोबा. तो फोडा म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचं?"

मी छिन्नी मागितली. प्रत्येक घावाला ते मागून म्हणत होते, "जपून हं, बाकीच्याला तडा जाईल." तासाभराने पंखा सुटला. व्याह्यांनी पाना लावून एकदाच ओढलं, आणि चाक खूण ओलांडून पूर्ण फिरलं. त्यांनी फडक्याने खडूची खूण पुसली.

माझा राग अजून गेलेला नाही. हा माणूस माझ्या कोब्यापायी बोट घालवायला निघाला होता. याची परतफेड कशी करतात ते मला कोणी शिकवलं नाही. कोब्यात परातीएवढा खड्डा पडलाय, तो ते बुजवू देत नाहीत. रविवारी त्यात पाणी ओततात, इंजिन सुरू करतात आणि वर जाऊन बसतात. खाली पंखा पाणी घुसळतो, आणि व्याही खिशातलं लिंबू काढून हुंगतात. परवा म्हटलं, "आता खडकवासल्याला नेऊ या का?" त्यांनी चष्मा पुसला.

"बरोबर आहे तुमचं. पण आधी एवढी बादली भरून आणता?"

मी मुकाट्याने नळाकडे गेलो.