शिवेचे सतरा दगड

श्रीपती नामपल्लीजवळच्या एका सरकारी कचेरीत शिपाई होता. बारा वर्षं साहेबांच्या मागं उभं राहून त्यानं एकच कला कमावली होती, गप्प बसायची. छप्पन सालच्या ऑक्टोबरात तीच त्याच्या गळ्याशी आली.

महिनाअखेरीस हैदराबाद राज्याच्या तीन वाटण्या होऊन गावं शेजारच्या राज्यांत जायची होती. साहेबांपुढं कागद मांडणारे पेशकार भगवंतराव गावांची यादी वाचत होते, "निंबगाव, मुंबईकडे. चेरुपल्ली, आंध्राकडे."

दोन्ही नावं श्रीपतीच्याच गावाची! माळावरून आलेल्या मराठी माणसांना आधी लिंबाची झाडं दिसली, ते निंबगाव म्हणाले. खालून आलेल्या तेलुगू माणसांना तळं दिसलं, त्यांच्या बोलीत चेरुवू, ते चेरुपल्ली म्हणाले. जो जिकडून आला त्यानं तिकडून नाव ठेवलं, आणि गावाचं काही बिघडलं नाही. बिघडवलं ते कचेरीनं. तिनं घरं एका नावावर लिहिली, शेतं दुसऱ्या. आता त्याच्या आईचं, चतुराबाईचं घर आंध्रात आणि महारकीपोटी मिळालेली चार एकर मुंबईत. मुंबईकडचा साहेब विचारणार, बाई, तू आमच्या कुठल्या गावची? म्हातारी काय सांगणार, कपाळ! शेत गेल्यातच जमा होतं.

"साहेब, ही दोन गावं न्हाईत. एकच हाय."

"तू शिपाई, यादीत तोंड नक्को घालू. पाचाला तिच्यावर वरची सही आहे."

साडेचार झाले होते. "माझी आय ऱ्हाती तिथं, साहेब."

भगवंतरावांच्या चार पिढ्या दफ्तरात गेलेल्या, जुनी रीत त्यांना पाठ. "शिवेच्या वादात महाराचा शब्द शेवटचा, कबूल. डोक्यावर माती घे, महार म्हणून शपथ घे. आत्ता दुरुस्त करतो."

चारच दिवसांपूर्वी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन श्रीपती महारकी टाकून आला होता. माती घ्यावी तर दीक्षा बुडाली, न घ्यावी तर आईचं शेत.

"माती नको, साहेब. दोन्ही नावांचे नकाशे काढा. मी शीव सांगतो, तुमी ताडून बघा."

लहानपणी बापाबरोबर, संभाजीबरोबर चाललेली शीव तो डोळे मिटून चालू लागला. ओढ्याचा धोंडा, जोडबाभळीखालचा दगड, फुटक्या देवळामागचा दगड. भगवंतरावांचं बोट या नकाशावरून त्या नकाशावर जात होतं. नवव्या दगडाला श्रीपती अडला. पाचाला सात मिनिटं होती.

"बोल ना रे!"

"इथं बापानं मला खांद्यावर घेतलं हुतं... पाणी हुतं. नाला! नाल्यापल्याड तीन दगड."

दोन्ही नकाशांत तीन दगड होते. शेवटपर्यंत सतराच्या सतरा दगड जुळले. शीव एक, म्हणजे गावही एकच.

शेतं जिकडं, गाव तिकडं, असं म्हणत भगवंतरावांनी आंध्राच्या यादीतलं नाव खोडलं आणि मुंबईच्या यादीत लिहिलं, 'निंबगाव उर्फ चेरुपल्ली'. साक्षीदार म्हणून सवयीनं लिहिलं, 'श्रीपती महार'.

"ते खोडा, साहेब. श्रीपती संभाजी, एवढंच."

"मग इथंही उर्फ लिहू?"

"गावाला लिवा, साहेब. मला नको."

भगवंतरावांनी 'महार' हा शब्द खोडला.