भांड्यांवरची नावं

तेव्हा मी बेळगावात एका मिशनच्या बोर्डिंगात इंग्रजी शिकवत होतो. बोर्डिंगातल्या बऱ्याच मुलांचा खर्च परदेशातली कुटुंबं उचलत. एका कुटुंबाकडे एक मूल. कधी कधी ही माणसं आपल्या चर्चच्या सहलीबरोबर यायची, मिशनचं इस्पितळ बघायची, रविवारी आमच्याबरोबर उपासनेला बसायची आणि एक दिवस 'आपल्या' मुलाच्या घरी जाऊन यायची. त्या घरभेटीला दुभाषा म्हणून मला पाठवत.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. एक गोरं जोडपं आलं, दोघंही साठीच्या आतबाहेर. ते जिचा खर्च उचलत ती मुलगी सहावीत होती. तिचं गाव निपाणीजवळ. बाप वारलेला, आई तंबाखूच्या वखारीत कामाला. मुलगी हुशार होती. पण बोर्डिंग सुटलं तर आईच्या शेजारी वखारीत बसण्यावाचून तिला दुसरी वाट नव्हती. हे मला माहीत होतं, आणि तिलाही.

आधीच्या आठवड्यात मी स्वतः जाऊन निरोप दिला होता. म्हणालो, "पाव्हणे फार लांबून येताहेत. घर जरा नीट ठेवा."

एवढंच वाक्य. मी याच मुलखात वाढलो, त्याचा अर्थ काय घेतला जाईल हे मला कळायला हवं होतं. आमच्याकडे मुलगी बघायला माणसं येणार असली, की गल्ली घर मांडून देते. कुणी खाट देतं, कुणी डबे, कुणी कपबशा. यात फसवणूक आहे असं कुणाला वाटत नाही. येणाऱ्यांनाही ते ठाऊक असतं, कारण त्यांच्या गल्लीतही तेच चालतं. पण हे पाहुणे कुठल्या गल्लीतले होते?

मिशनच्या गाडीतून आम्ही चौघं गेलो: ते दोघं, मुलगी आणि मी. संकेश्वर मागं पडल्यावर बाई मुलीला गाणं शिकवायला लागल्या. साहेब मोकळे, हसरे होते. गावात शिरताना तंबाखूचा खकाणा नाकात गेला आणि बाईंना शिंका सुटल्या. पोरं गाडीमागे शिंकायची नक्कल करत धावली.

मी दारातून आत पाऊल टाकलं आणि जागीच थबकलो.

एका खोलीचं घर. त्यात लोखंडी खाट, खाटेवर नवी चादर. फळीवर स्टीलचे डबे उतरंडीसारखे लावलेले. कोनाड्यात ट्रान्झिस्टर, तो मंद आवाजात चालू. आई इरकली लुगडं नेसून उभी होती. लुगडं तिच्या मापाचं नव्हतं. काठ जमिनीवर लोळत होता.

"या, मास्तर, या. बसवा त्यास्नी खाटंवर," ती म्हणाली. "काय बी कमी पडू दिलं न्हाय बगा."

दारात बायकांची दाटी झाली होती. साहेब खाटेवर बसताच ती करकरली. तशी दारातली एक जाड बाई ओरडली, "जपून बसाय सांगा वो! खाट माजी हाय, मोडली तर त्येच्या देशातनं नवी आणाय लावीन!"

सगळ्या हसल्या. काय म्हणाल्या, असं साहेबांनी विचारलं. मी सांगितलं, तुमचं स्वागत करताहेत.

साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. डब्यांवर ती थांबली, मग ट्रान्झिस्टरवर. हसू तसंच होतं, आवाज मात्र हलका झाला. बायकोला ते इंग्रजीत म्हणाले, "चांगलं चाललंय यांचं. देवाची कृपा. मला खरंच आनंद वाटतो." मग म्हणाले, "आपल्या मदतीची यांच्याहून जास्त गरज असलेलं एखादं मूल असेल. उद्या ऑफिसात बोलू या."

त्यात राग नव्हता. राग असता तर मला काही बोलता आलं असतं.

मुलगी चिवड्याची ताटली घेऊन उभी होती. तिला इंग्रजी मीच शिकवलं होतं. तिनं शब्द न् शब्द ऐकला. ताटली हलली नाही, पण तिनं माझ्याकडे बघितलं.

सांगणं सोपं होतं. हे सगळं मागून आणलेलं आहे, एवढंच. ते मला का जमलं नाही, याची एक उजळ सबब मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला देत आलो: त्या माउलीची अब्रू तिच्याच घरात मी कशी काढणार? तेही खरंच आहे. पण त्या क्षणी माझ्या मनात पहिलं आलं ते वेगळंच. हे सोंग मिशनच्या मास्तरानं उभं करवलं, असं साहेबांना वाटेल. निरोप कुणी दिला हे विचारतील. माझी नोकरी अजून पक्की झाली नव्हती. मी पाण्याचा पेला तोंडाला लावला.

बाईंच्या हातातही तसाच पेला होता. त्यांनी तो फिरवून बघितला. "हे काय कोरलंय? शास्त्रातलं वचन आहे का?"

"नाव आहे," मी म्हणालो.

"कुणाचं? हिच्या आईचं?"

आपल्याकडे भांड्यावर नाव घालून घेतातच. माझ्या पेल्यावर एक आडनाव होतं, त्यांच्या पेल्यावर दुसरं. फळीवरच्या डब्यांवर आणखी निराळी. सगळी गल्ली त्या फळीवर हजर होती, आणि ती नावं वाचता येणारी घरात मी आणि मुलगी, दोघंच होतो. बाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी पेला पुन्हा तोंडाला लावला.

मुलीनं ताटली खाली ठेवली. हात परकराला पुसले, मागं बांधले आणि बोर्डिंगात पाठांतराला उभी राहायची तशी ताठ उभी राहिली. चेहऱ्यावर हसू आणलं. मग इंग्रजीत, थांबत थांबत, सुरू केलं.

"मॅडम, हे शेजारच्या काकूंचं नाव आहे. सरांच्या पेल्यावर समोरच्या घराचं. खाट त्या दारातल्या मावशींची. रेडिओ पानाच्या दुकानातला." एकेक वस्तू ती हात लांब करून दाखवत होती, हसत होती. "आईचं लुगडंसुद्धा आईचं नाही. चूल आमची आहे आणि पाण्याची घागर आमची. तुम्ही येणार म्हणून सगळ्यांनी दिलं. आई आज खूप आनंदात आहे." मग त्याच सुरात, "ती बघते आहे. प्लीज, तुम्ही हसा."

दोघं हसले. तसं हसताना मी माणसांना पुन्हा बघितलं नाही.

"बगितलंसा?" आई दारातल्या बायकांकडे वळली. "कशी फडाफडा बोलती!"

"मडमिणीगत गं!" खाटवाली म्हणाली. "आता जावई बी गोराच बग."

"मास्तर, काय म्हणाली वो एवढं?" आईनं विचारलं.

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "गल्लीची ओळख करून दिली. कोण कोण तुम्हाला जीव लावतं, ते सांगितलं."

"व्हय?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "पोरीला समदं कळतंय बगा."

निघताना ओटी भरायची ठरली. आई विधवा, म्हणून तांदूळ आणि नारळ खाटवाल्या बाईनं ओटीत घातले. गोऱ्या बाई खाली मान घालून रडत होत्या.

"अगं बया, सासरला निघाल्यागत रडती की ही!"

परतीच्या वाटेवर कुणी गाणं म्हटलं नाही. संकेश्वर आलं तसे साहेब म्हणाले, "ऑफिसात यातलं काही सांगू नका. तिला शिकायचं असेल तितकं शिकू दे." मी मागं वळलो. मुलगी खिडकीला डोकं टेकून बसली होती. तिला काहीतरी म्हणावं म्हणून मी म्हणालो, "शाबास."

तिनं तोंड बाहेर वळवलं.

ती शिकली. नर्स झाली, दूरच्या गावी असते. मला दर नाताळला सलाम कळवते. त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. मी आता बेळगावजवळ पिरनवाडीला राहतो. कामानिमित्त निपाणीला गेलो की तिच्या आईला भेटून येतो. ती थकली आहे, पण मी टेकायच्या आत तिचं सुरू होतं.

"मास्तर, त्या दिशी काय बोलली वो ती? परत एकदा सांगा की. तिलाच इचारलं, तर म्हणती, मला न्हाय आठवत, मास्तरांस्नी इचार."

मग मी सांगतो. दर खेपेला थोडी भर पडते: कुणाच्या हाताला काय चव आहे, कुणी कोणत्या आजारपणात हिच्या उशाशी रात्र काढली. तिला पुरत नाही. मागच्या वेळी मी सांगून संपवलं, तर ती भिंतीला धरून उठली, दारात गेली आणि खाटवाल्या म्हातारीला हाक मारली.

"ये गं, ऐक. तुजं बी नाव घेतलंतं पोरीनं. मास्तर, पयल्यापास्नं सांगा."

म्हातारी येऊन माझ्यासमोर बसली. मी पहिल्यापासून सुरू केलं.