दोन हजार साल आधीच आलं होतं

फोन आला तेव्हा मी जळगावात, पिंप्राळ्यातल्या माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये फळ्यावर एक प्रोग्रॅम लिहून दाखवत होतो. दिवाळीची सुट्टी संपून आठवडाही झाला नव्हता. पलीकडून प्रमोद बोलत होता, अक्कांचा धुळ्याचा भाचा. "अक्का गेली," तो म्हणाला. "दुपारी जेवून पडली, ती उठलीच नाही." मी काहीतरी विचारलं, त्याने काहीतरी सांगितलं... फोन ठेवला आणि पहिला विचार मनात आला तो हा, की ही बातमी आमच्या चर्चागटाला कळवली पाहिजे, आणि कळवताना एकही शब्द सैल पडता कामा नये, नाहीतर अक्का चूक काढतील. दुसऱ्या क्षणी लक्षात आलं की आता तशी भीती उरलेली नाही. त्या दिवशी पुढचा तास मी घेतला नाही.

सिंधू नारायण पाटील, म्हणजे आमच्या सिंधूअक्का, धुळ्यात मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाल्या. त्यानंतर प्रमोदने घरी कॉम्प्युटर घेतला तेव्हा घरातली सगळी माणसं त्याच्याकडे लांबून बघत होती आणि अक्का खुर्ची ओढून समोर बसल्या होत्या. माझी त्यांची ओळख इंटरनेटवरच्या एका चर्चागटात झाली. वाचकांपैकी अनेकांना हा प्रकार नवा असेल म्हणून सांगतो. गटातल्या एकाने पत्र टाकलं की ते सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर जाऊन पडतं, मग ज्याला वाटेल त्याने उत्तर द्यायचं आणि तेही पुन्हा सगळ्यांना पोचतं. पुणे, नाशिक, बंगलोर, थेट अमेरिका, कुठकुठली मराठी माणसं त्यात होती. रोमन अक्षरांत मराठी लिहायची. विषय विज्ञानाचे, यंत्रांचे, प्रोग्रॅममधल्या चुकांचे, आणि वाद असे चालायचे की रविवारी सकाळी फोनची लाइन जोडून पत्रं उतरवून घेताना माझा चहा गार व्हायचा आणि मला पत्ता नसायचा.

या गटात 'एस. एन. पाटील, धुळे' अशी सही करणारं कोणीतरी होतं. आम्ही सगळे त्यांना 'पाटील सर' म्हणायचो. त्यांनी कधी दुरुस्ती केली नाही. आता ती जुनी पत्रं काढून पाहिली तर एका गोष्टीची गंमत वाटते. जवळजवळ दोन वर्षांच्या पत्रांमध्ये 'मी' हा शब्द नाही. 'असं दिसतं', 'असं मोजलं', 'यावरून असा निष्कर्ष निघतो'... भूमितीचं प्रमेय मांडावं तसं पत्र. त्यामुळे लिहिणारा लिहितोय की लिहितेय, हे कळायला जागाच नव्हती.

पहिल्याच भांडणात त्यांनी मला चीत केलं. मे महिन्याचे दिवस होते आणि मी गटात ठणकावून लिहिलं होतं की जळगावच्या उन्हात कॉम्प्युटर चुका करतो, शेहेचाळीस डिग्रीला त्याचं डोकं फिरतं, पुण्याच्या लोकांना ते कळायचं नाही. पाटील सरांचं उत्तर दोन ओळींचं होतं. किती वाजता चुका होतात, त्याची आठ दिवस नोंद ठेवावी. मी चिडून नोंद ठेवली. उन्हाचा तडाखा सर्वांत जास्त तीन-चारला, पण माझं मशीन बंद पडायचं ते एकच्या सुमाराला. मग त्यांचा प्रश्न आला, एक वाजता गल्लीत काय होतं? मी बाहेर जाऊन उभा राहिलो. दुकानं बंद करून माणसं जेवायला घरी येत होती आणि घराघरातले कूलर एकामागून एक सुरू होत होते. विजेचा दाब पडत होता, बस्. मी हरलो होतो आणि रस्त्यात भर उन्हात उभा राहून एकटाच हसत होतो. इतकं छान हरायला मला त्याआधी कोणी लावलं नव्हतं.

मुंबईच्या एका गृहस्थांनी माठातलं पाणी गार लागतं तो निव्वळ भास आहे असं लिहिलं, तर पाटील सरांनी दोन माठ मांडले, एक उघडा आणि एक बाहेरून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, आणि दिवसातून तीनदा दोन्हींचं तापमान गटात येऊ लागलं. पाझर बंद झालेल्या माठाचं पाणी कोमट राहिलं. आठव्या दिवशी मुंबईकरांनी हात जोडले. त्यावर पाटील सरांनी लिहिलं की हात जोडण्यापेक्षा मुंबईच्या दमट हवेत हाच प्रयोग करून आकडे पाठवावेत, कदाचित तिथे तुमचं म्हणणं बरंचसं खरं निघेल. वाद जिंकल्यावर समोरच्याला असा दरवाजा उघडून देणारं माणूस मी पाहिलं नव्हतं.

या वर्षी सगळीकडे एकच विषय होता, दोन हजार साल. वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहिणारे जुने प्रोग्रॅम 'शून्य शून्य' आल्यावर गोंधळणार, विमानं पडणार, वीज जाणार, असं रोज कुठेतरी छापून येत होतं. मी गटात मोठा लेख लिहिला. हा सगळा बागुलबुवा आहे, एकतीस डिसेंबरपर्यंत तर कोणाचंही काही बिघडणार नाही आणि निदान माझे प्रोग्रॅम तरी ठणठणीत आहेत. लेखाचं कौतुक झालं. सप्टेंबरातल्या एका रविवारी सकाळी त्यावर पाटील सरांचं पत्र आलं. ते मी इथे जसंच्या तसं देतो:

"दोन हजार साल एकतीस डिसेंबरला येणार असं धरून सगळे बोलत आहेत. ज्या प्रोग्रॅमला पुढची तारीख मांडावी लागते, त्याच्याकडे ते आधीच येऊन बसलेलं असतं. एप्रिलमध्ये ज्या बाईला दिवस गेले, तिचं दोन हजार साल एप्रिलमध्येच सुरू झालं."

मला पहिल्यांदा हसू आलं. मी उत्तर लिहायला घेतलं, पाटील सर आता बाळंतपणाकडेही वळले वगैरे. अर्धी ओळ लिहून झाली आणि माझे हात थांबले. जळगावातल्या एका प्रसूतिगृहाला मी एक प्रोग्रॅम करून दिला होता. तिथे नाव नोंदवणाऱ्या बाईची बाळंतपणाची तारीख तो काढायचा आणि दर सोमवारी यादी छापायचा. ती यादी घेऊन तिथल्या शैलासिस्टर जीपने भडगाव, बोदवडच्या बाजूच्या खेड्यांत जाऊन बायकांची तपासणी करायच्या. त्यात वर्षाचे आकडे मी दोनच ठेवले होते. शून्य शून्य हे नव्व्याण्णवपेक्षा लहान. म्हणजे जिची तारीख जानेवारीतली, ती बाळंत होऊन गेली असं समजून प्रोग्रॅम तिला यादीतून काढून टाकणार... आणि कुठेही चूक म्हणून दाखवणार नाही. तो बंद पडला असता तर बरं झालं असतं.

आणखी एक गोष्ट आठवली. ऑगस्टमध्ये शैलासिस्टरांनी मला सांगितलं होतं की यादी आखूड होत चालली आहे, काही नावं दिसत नाहीत. मी म्हणालो होतो, यादी मशीनने काढली आहे सिस्टर, मशीन विसरत नाही.

स्कूटर काढून मी प्रसूतिगृहात गेलो. जूननंतर नोंदवलेली नावं यादीत जवळजवळ नव्हतीच. प्रोग्रॅम दुरुस्त करायला अर्धा तास पुरला असता, पण स्वतःच्या नजरेवरचा माझा विश्वासच उडाला होता. घरी येऊन मी पाटील सरांना, गटाला नव्हे, एकट्यांना, सगळं लिहिलं आणि विचारलं की माझं काम तपासून द्याल का. संध्याकाळी उत्तर आलं. त्यात पहिल्यांदा 'मी' होतं. "मी उद्या सकाळच्या एसटीने येते. केसपेपर बाहेर काढून ठेवा." 'येते' हे मला टाइप करतानाची चूक वाटली.

जळगावच्या स्टँडवर मी पांढऱ्या केसांच्या एखाद्या मास्तरांना शोधत होतो. धुळ्याच्या गाडीतून उतरलेल्या, फिक्या निळ्या लुगड्यातल्या, खांद्याला कापडी पिशवी लावलेल्या एक बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही मिलिंद. चला, उशीर नको." रिक्षात बसल्यावर मी चाचरत विचारलं की त्यांनी आम्हाला कधी सांगितलं का नाही. त्या म्हणाल्या की चर्चा माठाची चालली होती, माझी कुठे चालली होती?

दिवसभर आम्ही मशीनला हात लावला नाही. अक्का एकेक केसपेपर वाचायच्या, बोटांवर महिने मोजून तारीख सांगायच्या, शैलासिस्टर वहीत लिहायच्या आणि मी छापलेल्या याद्यांशी ताडून बघायचो. चौदा बायका निघाल्या. दोन महिने त्यांच्याकडे कोणी फिरकलं नव्हतं. मंगळवारी सकाळी जीप निघाली तेव्हा मी बसलो आणि अक्काही बसल्या. घरी जा म्हणून सांगायची माझी छाती नव्हती.

तेरा जणी ठीक होत्या. चौदावी भडगावच्या पुढे, गिरणेच्या काठच्या एका गावात. घरासमोर जळणासाठी कापसाच्या वाळक्या पळाट्या रचलेल्या, ओट्यावर सासू बसलेली. सिस्टर दिसल्यावर ती उठली. रागावली नाही, तेच जास्त लागलं. म्हणाली, "दोन महिना व्हयनात, बाई उनी नही. आम्हले वाटनं, बठ्ठं ठीक शे म्हनीसन येत नही." सगळं ठीक आहे म्हणूनच सिस्टर येत नाहीत, असं त्या घराने धरलं होतं. आत सून होती, तिच्या पायांना सूज, तोंडावरही सूज. सिस्टरांनी रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला आणि तिची पिशवी भरायला सांगितली. परतीच्या वाटेवर ती पोर अक्कांच्या खांद्यावर डोकं टेकून होती आणि अक्का तिला शाळेतल्या कोणत्यातरी खोडकर मुलीची गोष्ट हळू आवाजात सांगत होत्या.

तिला दाखल केल्यावर डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या की अजून आठवडा गेला असता तर सांगता आलं नसतं. मी भिंतीला टेकून उभा होतो. मी अक्कांना म्हणालो की दोन आकड्यांनी केवढा घात केला असता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. तीस वर्षांच्या वर्गातली ती नजर असणार.

"आकडे पुढे करू नकोस," त्या म्हणाल्या. कालपासूनच्या 'तुम्ही'चा 'तू' झाला होता. "आकडे सगळ्यांचेच चुकतात. सिस्टर तुला सांगत होत्या. तू ऐकलं नाहीस, ती चूक."

त्या रविवारी मी गटाला सगळं लिहिलं. काही लपवलं नाही. पुण्याच्या एकाने खोचक पत्र टाकलं, ठणठणीत प्रोग्रॅमवाल्यांचं अभिनंदन म्हणून. दुसऱ्या कोणी काही लिहायच्या आत धुळ्याचं उत्तर आलं की चूक सांगणाऱ्याला हसलात तर पुढची चूक कोणी सांगणार नाही, आणि पुढची चूक कदाचित तुमची असेल. खाली सही होती, 'सिंधू पाटील, धुळे'. मग पाच दिवस गटात प्रोग्रॅमच्या चुकांचा पूर आला. एकाने विम्याच्या तारखा तपासल्या, एकाने दूध संघाच्या, अमेरिकेतल्या एका मुलीने औषधांच्या मुदतीच्या, आणि प्रत्येकाकडे दोन हजार साल आधीच कुठेतरी येऊन बसलेलं सापडलं. इतकं थरारून मी कधीच पत्रं वाचली नव्हती. अक्का प्रत्येकाला उत्तर देत होत्या. प्रमोद सांगतो की त्या आठवड्यात घरच्या फोनवर कोणाचाही फोन लागत नव्हता.

भडगावकडची ती सून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाळंत झाली, महिनाभर आधीच. मुलगी झाली. वजनाला कमी आहे, पण दूध पिते, रडते चांगली. मी सांगायला फोनकडे वळलो आणि... अक्कांना जाऊन तेव्हा तीन आठवडे होत आले होते.

त्यांचं शेवटचं पत्र त्या गेल्या त्याच्या आदल्या दिवशीचं आहे. तारीख मात्र त्यावर एक मार्च दोन हजार अशी आहे. पत्रात त्यांनीच खुलासा केला होता की आपल्या मशीनला पुढचं वर्ष पेलतं का हे बघायला तारीख पुढे नेली, एकोणतीस फेब्रुवारी नीट आली, एक मार्चही आली, काळजी नसावी. आणि मग लगेच, "जळगावकरांना नवा प्रश्न. घड खाली लोंबतो, तरी केळी वर का वळतात? उजेडाकडे, की दुसऱ्या कशामुळे? उत्तर पुस्तकातून देऊ नये."

माझा एक मित्र केळी लावतो. त्याच्या मळ्यात नुकत्याच निसवलेल्या, म्हणजे झाडातून बाहेर पडलेल्या, एका घडाला आम्ही दुहेरी काळं कापड बांधलं, उजेडाची तिरीपही आत जाऊ नये असं. गेल्या रविवारी ते सोडलं. अंधारातसुद्धा कोवळी केळी वर वळलेली होती. मित्र म्हणाला, यात काय विशेष. मी मात्र लहान मुलासारखा घडाभोवती फिरत होतो. घरी येऊन सगळं नीट मोजूनमापून गटाला लिहिलं: उजेडाकडे नव्हे, बहुधा जमिनीच्या ओढीविरुद्ध, एकाच घडावरून खात्री देता येत नाही, आणखी दोन बांधत आहे.

आमच्या कॉम्प्युटरवर पत्रं तारखेप्रमाणे लागतात, सगळ्यांत पुढची तारीख वर. त्यामुळे महिनाभरात कितीतरी पत्रं आली, अक्कांच्या निधनाचं मी लिहिलेलं आलं, त्यावरची सांत्वनाची आली, पण सगळी खाली जाऊन बसली. गटातल्या प्रत्येकाच्या पडद्यावर, नाशकात, बंगलोरला, अमेरिकेत, वर अजून अक्कांचंच पत्र आहे. ती तारीख दुरुस्त करायची का असं एकाने विचारलं होतं. कोणीच हो म्हणालं नाही. माझं केळ्याचं उत्तरही काल गटातून फिरून माझ्याकडे आलं आणि तिथे खाली जाऊन बसलं. वर प्रश्न, खाली उत्तर.